उच्चारांचे दप्तर

आपण जसे बोलतो तसेच लिहितो आणि जसे लिहिलेले असते तसेच वाचतो, ही मराठी माणसाची एक जुनी आणि सुखकर समजूत आहे. इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाने 'पी-यू-टी पुट, तर मग बी-यू-टी बट कसे', असा रास्त प्रश्न विचारला की घरातील वडीलधारी मंडळी इंग्रजांच्या या अंदाधुंदीवर हसतात आणि आपल्या बाराखडीकडे अभिमानाने बोट दाखवतात. हा अभिमान अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु 'त्याला वाचा फुटली' आणि 'हे पुस्तक वाचा' ही दोन वाक्ये लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहिली, तर पहिल्या वाक्यातील चकार उच्चारताना जिभेचा पसरट मधला भाग टाळूला भिडतो आणि दुसऱ्यातील चकाराच्या वेळी जिभेचे अग्र वरच्या दातांच्या मुळाशी जाऊन सकाराची बारीकशी झाक मागे सोडते, हे कोणाच्याही ध्यानात येईल. 'माझी' आणि 'माझा' यांतील झकारांचीही तीच गत आहे. मराठी घरात वाढणारे मूल हा भेद कोणी न शिकवता बिनचूक पाळते. आपल्या लिपीच्या दप्तरी मात्र त्याची नोंद नाही.

मुखातून निघणाऱ्या ध्वनीची अशी नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न ज्यांना पडला त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक असून त्यात एक विलक्षण विसंगती आहे. ध्वनींचे शास्त्र प्रथम रचले ते आपल्याकडील वैदिकांनी, आणि त्यांचा लेखनावर विश्वास नव्हता. ध्वनींची सार्वत्रिक लिपी प्रथम सिद्ध केली ती युरोपातील शिक्षकांनी, आणि त्यांच्या स्वतःच्या भाषांचे लेखन इतके बिघडलेले होते की त्यांना दुसरी लिपी शोधण्यावाचून गत्यंतरच उरले नव्हते.

वेदमंत्राचा एखादा स्वर चुकला तर यज्ञाचे फळ उलटते, अशी ज्यांची श्रद्धा होती त्यांनी उच्चाराची चिकित्सा करावी यात नवल नाही. नवल आहे ते त्या चिकित्सेच्या सूक्ष्मतेचे. तैत्तिरीय उपनिषदात या विद्येचे विषय सहा सांगितले आहेत, ते असे: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. पुढे इसवी सनापूर्वीच्या शतकांत वेदांच्या निरनिराळ्या शाखांसाठी जी प्रातिशाख्ये तयार झाली, त्यांत प्रत्येक वर्णाचे स्थान कोणते, त्या स्थानाला स्पर्श करणारे करण कोणते, स्पर्श पूर्ण होतो की किंचित होतो, आणि त्याच वेळी कंठात काय घडते, याचा तपशील एखाद्या मुरलेल्या कामगाराने यंत्राचे भाग सुटे करून मांडावेत तसा मांडलेला आढळतो. शाळेत आपण ज्या पंचवीस व्यंजनांचे पाढे तालासुरात म्हणतो ते वस्तुतः या शास्त्राचे कोष्टकच होय. कंठावर दोन बोटे आणि तोंडासमोर तळहात धरून 'क, ख, ग, घ, ङ' असे सावकाश म्हणावे. 'क' म्हणताना बोटांना कंप जाणवत नाही. 'ख'च्या वेळी तळहातावर श्वासाचा झोत आदळतो. 'ग'ला कंठ थरथरतो. 'घ'ला थरथर आणि झोत दोन्ही येतात. आणि 'ङ'च्या वेळी वारा नाकावाटे निघून जातो. हीच पाच कृत्ये पुढे तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ या स्थानी त्याच क्रमाने घडतात, म्हणजे उभ्या ओळीत प्रयत्न आणि आडव्या ओळीत स्थान अशी ही मांडणी असून तिच्यातील कोणतेही अक्षर आपल्या घरातून हलवता येत नाही.

यातील कंठाच्या कंपाचा शोध सर्वांत महत्त्वाचा. ग्रीक आणि रोमन व्याकरणकारांना 'प' आणि 'ब' यांत फरक आहे हे ऐकू येत होते, परंतु तो कशामुळे पडतो याचा उलगडा त्यांना झाला नाही. 'ब', 'द', 'ग' यांना त्यांनी 'मध्यम' असे काहीसे मोघम नाव देऊन प्रकरण मिटवले, आणि युरोपात ते नाव एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. तैत्तिरीय प्रातिशाख्य मात्र सांगते की कंठ मिटलेला असताना नाद उत्पन्न होतो, उघडा असताना श्वास, आणि या दोहोंच्या मध्यल्या अवस्थेत हकार. आरसा नाही, यंत्र नाही, शवच्छेदनाची सोय नाही. केवळ स्वतःच्या घशाकडे लक्ष लावून बसलेल्या माणसांनी काढलेला हा निष्कर्ष आहे.

त्यांचे कान घराबाहेरही उघडे होते. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात एका विशिष्ट नासिक्य उच्चाराचा दाखला देताना सौराष्ट्रातील स्त्री ताकाचे नाव कसे उच्चारते ते ऐका, असे सुचवले आहे. वेदाच्या शुद्ध उच्चारासाठी ताकाचे नाव घेणाऱ्या बाईला साक्षीस बोलावणारा हा शास्त्रकार मला फार जवळचा वाटतो. पाणिनीने तर आपल्या अष्टाध्यायीचे अखेरचे सूत्र केवळ अकारासाठी राखून ठेवले. सबंध व्याकरणात सोयीसाठी 'अ' हा 'आ'चाच ऱ्हस्व म्हणून विवृत, म्हणजे मोकळ्या तोंडाचा, धरला. प्रत्यक्ष बोलण्यात तो तसा नसून संवृत आहे, हे त्याने शेवटी त्या अक्षराची नुसती द्विरुक्ती करून बजावले आहे. आणि ज्या पाणिनीय शिक्षेत तो ताकाचा दाखला आला, तिच्यात अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा आणि मान डोलावणारा यांच्याच पंक्तीला लिहिलेले पाहून म्हणणाराही बसवलेला आहे. विद्या गुरुमुखातून शिष्याच्या कानी जात होती. परमुलखातील, परभाषेतील अनोळखी माणसाला ती कागदावरून पोचवण्याची गरजच कोणाला भासली नाही.

ती गरज परक्यांना भासली, आणि आपल्याच किनाऱ्यावर. 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली राशोल ऊर्फ रायतूर येथे छापले गेले. छापखान्यात खिळे होते ते रोमन लिपीचे. त्या लिपीत 'ण', 'ट', 'ड' यांना जागाच नव्हती, तेव्हा मूर्धन्य वर्णासाठी तेच अक्षर दोनदा लिहावे, म्हणजे 'ण'साठी दोन 'एन', अशी तोड काढण्यात आली. ही युक्ती दिसायला साधी आहे. परंतु आपल्या लिपीत नसलेला ध्वनी कानांनी ओळखून त्याला नियमित चिन्ह देणे, हे काम तीत झालेले आहे, आणि कोकणीच्या रोमन लेखनात तिचे अवशेष अजूनही सापडतात.

बंगाल्यात प्रश्न उभा राहिला तो कचेरीतून. कंपनी सरकारच्या वसुलाच्या कागदांत, फौजेच्या नकाशांत आणि न्यायाधीशांच्या निवाड्यांत एकाच गावाची आणि एकाच असामीची नावे प्रत्येक साहेब आपल्या कानाला येईल तशी लिहीत असे. कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून 1783 साली आलेला सर विल्यम जोन्स याने पुढल्याच वर्षी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, आणि तिच्या 1788 सालच्या पहिल्या खंडात आशियातील शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर प्रबंध लिहिला. व्यंजने इंग्रजीप्रमाणे आणि स्वर इटालियनप्रमाणे, हे त्याच्या पद्धतीचे स्थूल सूत्र होय. पण चिन्हांपेक्षाही महत्त्वाचे हे की वर्णांचा क्रम लावताना त्याने देवनागरीची वाट धरली आणि ती युरोपीय वर्णमालांहून अधिक स्वाभाविक असल्याचे मोकळेपणाने कबूल केले. त्याच्या विरुद्ध पक्ष जॉन गिलख्रिस्टचा. त्याला इंग्रजी वाचकाची सोय हवी होती, म्हणून उकारासाठी दोन 'ओ' आणि ईकारासाठी दोन 'ई' अशी त्याची मांडणी. पुण्याचे इंग्रजी नाव दोन 'ओ' घेऊन आणि खडकीचे दोन 'ई' घेऊन कित्येक पिढ्या वावरले ते याच वळणाचे. 1870 नंतरच्या काळात डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरने जोन्सचे वळण थोडे सुधारून सरकारकडून मंजूर करून घेतले, तरी फार रुळलेली नावे अपवाद म्हणून जशीच्या तशी बहाल ठेवावी लागली. सरकारी हुकुमापेक्षा टपालाच्या शिक्क्याची सवय अधिक बळकट असते.

जोन्सच्या मागून संस्कृत युरोपात गेले आणि त्याच्या पाठोपाठ प्रातिशाख्येही गेली. मॅक्सम्युलरने ऋग्वेदाचे प्रातिशाख्य संपादिले. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या विल्यम ड्वाइट व्हिटनीने अथर्ववेदाचे 1862 साली आणि तैत्तिरीय शाखेचे त्यानंतर काही वर्षांनी भाषांतरासह प्रसिद्ध केले. व्हिटनी हा तिखट टीकाकार. हकाराच्या मध्यल्या अवस्थेविषयीचे वर वर्णिलेले विधान त्याला मुळीच पटले नाही; श्वास आणि नाद यांच्या दरम्यान तिसरे काही असू शकते हे आपल्या कल्पनेत येत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. वास्तविक मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने घशात लहानसा आरसा धरून आणि सूर्यप्रकाश त्यावर पाडून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली होती आणि 1855 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचा वृत्तांतही ठेवला होता; परंतु इंग्रजी हकार अघोष, म्हणजे कंठाच्या कंपावाचूनचा, असल्यामुळे त्या भाषेत वाढलेल्या कानाला घोष हकाराचा प्रत्यय येणे कठीण होते. मराठी माणसाने 'हात' म्हणताना कंठावर बोट ठेवावे, किंवा 'म्हैस', 'कोल्हा', 'उन्हाळा' हे शब्द सावकाश उच्चारावेत, म्हणजे कंप आणि सुटणारा श्वास एकत्र नांदताना त्याला स्वतःच आढळतील. पुढे ध्वनिशास्त्रज्ञांनी हा घोष हकार मान्य केला आणि आजच्या आंतरराष्ट्रीय लिपीत त्याला वेगळे अक्षर आहे. व्हिटनीसारख्या विद्वानाचा निवाडा प्रातिशाख्यकाराच्या विरुद्ध गेला, आणि वरच्या कोर्टात तो फिरला.

एव्हाना इंग्लंडात ध्वनिलिपीची हौस जोरात होती. आयझॅक पिटमनने 1837 साली जे लघुलेखन प्रसिद्ध केले, ते आपल्याकडे टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांतून गावोगाव पोचले. त्याच्या पायाशी ध्वनीचे वर्गीकरण आहे, हे तेथे शिकणाऱ्या शेकडो उमेदवारांना कदाचित कोणी सांगितले नसेल. 'प'साठी बारीक तिरकी रेघ, आणि तीच रेघ दाबून जाड काढली की 'ब'. उभी बारीक रेघ 'ट'सारख्या इंग्रजी वर्णाची, जाड केली की 'ड'ची. आडवी बारीक 'क'ची, जाड 'ग'ची. साहेबाचा मजकूर भराभर टिपून घेणारा कारकून पेन्सिलीवर जोर देत होता, तो अघोषाचा घोष करीत होता. पिटमनने अलेक्झांडर एलिसच्या साह्याने छपाईसाठीही ध्वन्यनुसारी अक्षरे पाडली. सारा इंग्रज समाज ती स्वीकारील ही त्यांची आशा मात्र फोल ठरली. जर्मनीतील इजिप्तविद्यापंडित लेप्सियस याची 1855 सालची प्रमाण वर्णमाला मिशनऱ्यांसाठी होती. प्रशियाचा लंडनमधील वकील बुन्सेन याच्या घरी 1854 साली या विषयावर बैठका झाल्या, तेथे मॅक्सम्युलरने आपला वेगळा मसुदा ठेवला होता. पण लेप्सियसची सरशी झाली. त्याची अक्षरे टिंबे-रेघांनी इतकी लगडलेली होती की ती जुळवताना छापखानेवाल्यांचे हाल होत.

या सर्वांत चित्तवेधक प्रयोग अलेक्झांडर मेलव्हिल बेल या वक्तृत्वशिक्षकाचा. त्याने रोमन अक्षरे बाजूस सारून अशी चिन्हे योजली की चिन्हाची आकृती पाहूनच कोणते इंद्रिय कोठे न्यावयाचे ते कळावे. नालाच्या आकाराची एक वक्ररेषा, तिचे तोंड ज्या बाजूला वळलेले असेल त्यावरून ओठ की जिभेचे अग्र की जिभेचा मागचा भाग याचा बोध होई. 1864 साली त्याने या 'दृश्य वाणी'चे जाहीर प्रयोग केले. मुलगा खोलीबाहेर जाई, सभेतील लोक हवे ते उच्चारीत, बेल फळ्यावर चिन्हे लिही, आणि मुलगा आत येऊन ती पाहून उच्चार करी. लॅटिन, गेलिक, संस्कृत, काहीही चाले. एकदा चिन्हांत सांगितल्याप्रमाणे त्याने तोंडाची हालचाल केली तेव्हा नुसती घरघर उमटली आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. एका नकलाकाराने दिलेला तो लाकूड करवतण्याचा आवाज होता. सतरा वर्षांचा हा मुलगा म्हणजेच पुढे 1876 साली टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल. बापाची हीच चिन्हे घेऊन तो बोस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. 1867 साली प्रसिद्ध झालेली ही लिपी शास्त्र म्हणून उत्कृष्ट आणि रोजच्या व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी होती, कारण नालांची ती रांग झरझर लिहिणे आणि वाचणे कोणालाही जमण्यासारखे नव्हते.

बेलचे तत्त्व आणि रोमन अक्षरांची सवय यांचा मेळ हेन्री स्वीटने घातला. 1877 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने 'रोमिक' लिपी योजली आणि तिचे दोन दर्जे केले: एक ढोबळ, ज्यात अर्थभेद करणारे तेवढेच ध्वनी वेगळे लिहावयाचे; दुसरा सूक्ष्म, ज्यात बारीक छटाही टिपावयाच्या. आधुनिक वर्णविचाराचे बीज या भेदात आहे. स्वीट हा विलक्षण बुद्धीचा आणि तितक्याच कडवट जिभेचा मनुष्य. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मेलियन'मधील हिगिन्सवर त्याची छाया पडली आहे, आणि त्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिल्यामुळे ध्वनिशास्त्रज्ञ नावाचा प्राणी मराठी रंगभूमीवर टाळ्या घेऊन गेला.

शेवटची पायरी पॅरिसात चढली गेली. शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या फ्रेडरिक पासी यांचे चिरंजीव पॉल पासी हे इंग्रजीचे शिक्षक होते. फ्रेंच मुलांना इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग आधी शिकवले की उच्चार कायमचा बिघडतो, हा त्यांचा नित्याचा अनुभव. 1886 साली त्यांनी काही शिक्षकांना जमवून एक मंडळ काढले. डेन्मार्कचा ऑटो येस्पर्सन त्यात सामील झाला आणि सर्व भाषांना मिळून एकच लिपी असावी ही सूचना त्याने केली. 1888 साली या लिपीचा पहिला आराखडा तत्त्वांसह छापला गेला: अर्थभेद करणाऱ्या प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र अक्षर, त्या ध्वनीला सर्व भाषांत तेच अक्षर, शक्यतो रोमन अक्षरांचाच वापर, आणि टिंबे-रेघा जितक्या टळतील तितक्या टाळाव्यात. 1897 साली मंडळाने आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघ असे नाव घेतले. या मंडळींची निष्ठा अशी की त्यांचे मासिक 1970 पर्यंत ध्वनिलिपीतच छापले जात असे.

या लिपीच्या कोष्टकात ओठांपासून आरंभ करून डावीकडून उजवीकडे घशापर्यंत स्थाने मांडतात, आणि वरून खाली प्रयत्न. आपली वर्णमाला घशातून निघून ओठांवर येते. तिकडे प्रवास उलट दिशेने आहे आणि उभ्या-आडव्या ओळींची अदलाबदल झाली आहे, एवढाच काय तो फरक. मूर्धन्य वर्ण दाखवण्यासाठी अक्षराला खाली उजवीकडे वळलेली शेपटी देतात. 'ट', 'ड', 'ण' आणि आपला 'ळ' सारे शेपटीचे. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने, जो काही वर्षे लाहोरला अध्यापक होता, 1946 साली स्पष्टच लिहिले की जोन्सने भारतीय वैयाकरणांची ओळख करून दिली नसती तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पनाही करणे कठीण आहे. तथापि एका बाबतीत युरोपीयांना आपल्या पूर्वसूरींच्या पुढे जावे लागले, ती म्हणजे स्वर. व्यंजनात जीभ कोठेतरी टेकते, म्हणून तिचा पत्ता सांगता येतो. स्वरात ती अधांतरी असते, आणि 'ए' कंठतालव्य म्हटल्याने तो नेमका कोठे आहे हे काही कळत नाही. डॅनियल जोन्सने 1917 च्या सुमारास आठ मानस्वर ठरवून दिले, जिभेची ठिकाणे पडताळण्यासाठी क्ष-किरणांचे साह्य घेतले, आणि हे स्वर वाचून येणार नाहीत, जाणत्याच्या तोंडून ऐकूनच शिकावे लागतील, असा आग्रह धरला. त्यासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या. लिखित-पाठकाला अधम म्हणणाऱ्या शिक्षाकाराला हा माणूस आपलाच वाटला असता.

मराठीचे कान या शास्त्राने तपासले ते पुष्कळ उशिरा. पॅरिसचे झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ 1920 साली निघाला आणि पुढे त्याचा मराठी अनुवादही झाला. त्यांच्याच हाताखाली पॅरिसात शिकलेल्या ना. गो. कालेलकरांनी 1955 साली 'ध्वनिविचार' लिहून हा विषय मराठी वाचकाला त्याच्या भाषेत समजावला. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राची गादी स्थापन झाली, आणि अशोक केळकरांनी 1958 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठास मराठीच्या वर्णव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. एवढे होऊनही आपल्या शुद्धलेखनाचे वाद ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांच्याभोवतीच फिरत राहिले. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, हे योग्यच झाले. परंतु 'घर' या शब्दाच्या अखेरचा अकार कोणी उच्चारीत नाही, 'ज्ञान' हे 'द्न्यान' झालेले आहे, 'श' आणि 'ष' यांतील भेद बहुतेकांच्या बोलण्यातून मावळला आहे, यांपैकी कशाचीही दखल लेखनाने घेतलेली नाही. ती घ्यावीच असा माझा आग्रह नाही. लिपी ही परंपरेने चालते, आणि ढोबळ लेखनावर व्यवहार सुखाने होतो, हे स्वीटनेही मानले होते.

चकाराची गोष्ट मात्र निराळी, कारण तेथे अर्थभेदच बुडतो. मराठीत तत्सम शब्दांत, तसेच इकार-एकारापूर्वी, चकार तालव्य राहतो आणि एरवी बहुधा दंत्य होतो, हा स्थूल नियम सांगता येतो. पण 'चारा' दंत्य आणि 'चार' तालव्य, येथे तो लंगडा पडतो. पेशवाईच्या दप्तरातील कारकून या आकड्याचे नाव 'च्यार' असे लिहीत, त्या यकारात तालव्यपणाची सूचना आपोआपच साधली जाई. छापील मराठीने तो यकार गाळला. आज मुंबईत किंवा महाराष्ट्राबाहेर छापील पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला 'चमचा' आणि 'चंद्र' यांतील चकार वेगळे आहेत हे समजण्याचा काही मार्ग नाही, आणि त्याच्या हाती बहुधा पडणारा कोश त्याला अर्थ, लिंग, व्युत्पत्ती सर्व सांगून उच्चारापाशी गप्प बसतो. पासीच्या लिपीत दंत्य चकार 'त' आणि 'स' यांच्या अक्षरांवर एक लहानशी कमान टाकून लिहितात. देवनागरीत अक्षराखाली एक नुक्ता दिला तरी पुरे, आणि तो रोजच्या लेखनात नको असेल तर निदान कोशाच्या पानावर, मूळ शब्दासमोरच्या कंसात, द्यायला हरकत नसावी.